अक्षर, बाइट आणि सीमाचिन्ह : फाइल-ग्रहणाच्या तीन विनिर्देशांची चिकित्सा

१

१९९५ च्या नोव्हेंबर महिन्यात झेरॉक्स कंपनीतील ई. नेबेल व लॅरी मासिंटर ह्या दोघांनी एक छोटा तांत्रिक लेख प्रसिद्ध केला. ब्राउझरमध्ये भरावयाच्या फॉर्ममधून वापरणाऱ्याच्या संगणकावरील संपूर्ण फाइल दूरच्या सर्व्हरकडे कशी पाठवावी, हा त्याचा विषय होता. आरएफसी १८६७ हा त्याचा क्रमांक. लेखाचे स्वरूप प्रायोगिक होते. पुढे ऑगस्ट १९९८ मध्ये मासिंटर ह्यांनी आरएफसी २३८८ हा विनिर्देश लिहिला, आणि जुलै २०१५ मध्ये त्याची जागा त्यांच्याच आरएफसी ७५७८ ने घेतली. विद्यार्थी प्रवेशासाठी गुणपत्रिका चढवितो, शेतकरी अर्जाला सातबाऱ्याचा उतारा जोडतो, संशोधक आपला प्रबंध ग्रंथालयाच्या भांडारात दाखल करतो; ह्या सर्व व्यवहारांच्या मुळाशी हे तीन लेख आहेत. पीएचपी ह्या भाषेच्या मूळ आज्ञावलीत अपलोड झालेली फाइल स्वीकारणाऱ्या भागाचे नावच आरएफसी १८६७ असे आहे; ह्यावरून पहिल्या लेखाची छाप किती खोल उमटली आहे ते ध्यानात येईल.

विनिर्देश ही काही साहित्यकृती नव्हे. तथापि विनिर्देशही वाचला जातो, त्याचा अर्थ लावला जातो, आणि तो जेथे मौन पाळतो तेथे प्रत्येक वाचक आपापल्या सवयीने ते मौन भरून काढतो. म्हणून त्याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : फाइलचा एक खंड कोठे संपतो ह्या प्रश्नाला ह्या तिन्ही लेखांनी काळजीपूर्वक उत्तर दिले, परंतु त्या खंडाच्या शीर्षकातील अक्षरे कोणती, ह्या प्रश्नाला त्यांनी तीन वेळा तीन निरनिराळी व अपुरी उत्तरे दिली. ह्या अपुरेपणाची झळ इंग्रजी लिहिणाऱ्याला लागत नाही. ती मराठी लिहिणाऱ्याला लागते.

२

प्रथम ह्या रचनेचा गुण पाहावयास हवा. १९९५ पूर्वी फॉर्ममधील मजकूर ज्या पद्धतीने जात असे, तीत रोमन वर्णमालेबाहेरच्या प्रत्येक बाइटच्या जागी एक टक्केचिन्ह व दोन अंक लिहावे लागत. बाइट म्हणजे ० ते २५५ ह्यांपैकी एक संख्या. जुन्या पद्धतीत अशा एका बाइटला तीन बाइट खर्ची पडत. देवनागरी ‘म’ हे अक्षर आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ ह्या संकेतावलीत २२४, १६४, १७४ अशा तीन बाइटांनी लिहिले जाते. त्या पद्धतीने ते नऊ बाइटांचे होई. छायाचित्रासारख्या फाइलीच्या बाबतीत हा अपव्यय असह्य होता.

नेबेल व मासिंटर ह्यांनी उपाय योजला तो टपालाच्या क्षेत्रातून उचललेला. ई-पत्रांना जोडपत्रे लावण्यासाठी १९९२ मध्ये बोरेनस्टाइन व फ्रीड ह्यांनी माइम नावाची पद्धती सिद्ध केली होती. तीत एका संदेशाचे अनेक खंड करून दोन खंडांमध्ये एक सीमाचिन्ह ठेवले जाते. सीमाचिन्ह म्हणजे प्रेषकाने स्वतः निवडलेली अक्षरांची माळ. तिच्या आधी दोन आडव्या रेघा, आणि अखेरच्या खंडानंतर तिच्या मागेही दोन रेघा. ही माळ ७० अक्षरांहून लांब असू नये, असा माइमचा दंडक आहे. ती कोणती हे प्रेषक आरंभीच जाहीर करतो, आणि ती फाइलच्या मजकुरात कोठेही येत नसावी एवढीच अट असते. सीमाचिन्हांच्या मधला मजकूर मात्र जसाच्या तसा जातो; त्यातील एकाही बाइटचे रूपांतर करावे लागत नाही.

ह्या संयमातच आरएफसी १८६७ चे खरे मोठेपण आहे. वाहक जे वाहून नेतो त्यात त्याने ढवळाढवळ करू नये, हे तत्त्व त्याने पाळले. त्याचे मोलही द्यावे लागले. फाइल किती बाइटांची आहे हे प्रत्येक खंडाच्या आरंभी सांगण्याचे बंधन असते, तर ग्राहकाने तेवढे बाइट मोजून घेतले असते व मजकुराकडे पाहण्याचे त्याला कारण पडले नसते. सीमाचिन्हाच्या रचनेत ग्राहकाला प्रत्येक बाइट पाहावाच लागतो, कारण पुढचा कोणताही बाइट शेवटाचा आरंभ असू शकतो. उलटपक्षी, लांबी आधी ठाऊक नसताना प्रेषकाला पाठविण्यास प्रारंभ करता येतो ही सोय ह्या रचनेने दिली. दोहोंपैकी कोणती निवड श्रेष्ठ, ह्याविषयी मतभेद संभवतो; निवड केली गेली व तिचे परिणाम काय झाले, हे मात्र निर्विवाद आहे. फाइल एकेक बाइट करून वाचणे ही प्रोग्रामरची लहर नसून ह्या रचनेने त्याच्यावर घातलेले कर्तव्य आहे.

ह्या कर्तव्याचे काही बारकावे आहेत. सीमाचिन्हापूर्वीची नवी ओळ दाखविणारी १३ व १० ह्या बाइटांची जोडी फाइलची नसून सीमाचिन्हाची असते. जो ग्राहक ती फाइलमध्ये समाविष्ट करतो, तो प्रत्येक फाइल दोन बाइटांनी वाढवितो. मजकूर डोळ्यांना सारखाच दिसतो, परंतु मूळ व प्रत ह्यांचा मेळ जमत नाही. दुसरा बारकावा शोधाचा. सीमाचिन्ह जुळत जुळत अर्ध्यावर चुकले तर तोवर जुळलेले बाइट फाइलचेच होते असे मानून ते तिला परत दिले पाहिजेत, आणि ज्या बाइटवर चूक झाली तो नव्या सीमाचिन्हाचा पहिला बाइट तर नव्हे ना, हे पुन्हा तपासले पाहिजे. १९७७ मध्ये क्नूथ, मॉरिस व प्रॅट ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधरीतीत ह्या माघारीचे सर्वसामान्य गणित सापडते. येथे ते अगदी सोपे होते. कारण १३ हा बाइट सीमाचिन्हाच्या केवळ आरंभी येतो, आत कोठेही येऊ शकत नाही. तरीही ही एवढी तपासणी राहून गेली, तर १३ ह्या बाइटवर संपणाऱ्या फाइलीचा शेवट ग्राहकाच्या हातून निसटतो, आणि पुढचा खंड तिच्यातच मिसळतो.

दंडक लिहिला म्हणजे तो पाळला जातो असेही नाही. अपाची संस्थेच्या कॉमन्स फाइलअपलोड ह्या बहुप्रचलित संग्रहात २०१४ च्या फेब्रुवारीत एक दोष उघडकीस आला. सीमाचिन्ह ७० अक्षरांचे असेल हे गृहीत होते, पण तपासले जात नव्हते. कोणी चार हजारांहून अधिक अक्षरांचे सीमाचिन्ह जाहीर केले की ४०९६ बाइटांचे वाचनपात्र त्यानेच भरून जाई, पुढे एकही बाइट वाचण्यास जागा उरत नसे, आणि वाचन न संपणाऱ्या आवर्तनात सापडून सर्व्हर निकामी होई. १.३.१ ह्या आवृत्तीत हा दोष दूर करण्यात आला. माइमचा दंडक त्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ लिहिलेला होता.

३

बाइट वाचणे म्हणजे अक्षर वाचणे नव्हे, हा विवेक येथून पुढे महत्त्वाचा ठरतो. जावा भाषेतील वाचनक्रिया एक बाइट मागितला असता ० ते २५५ मधील संख्या देते, आणि फाइल संपली असता उणे १ देते. परंतु त्याच भाषेतील बाइट हा प्रकार उणे १२८ ते १२७ एवढ्याच संख्या जाणतो. वाचलेली संख्या आधी ह्या प्रकारात साठवून मग ‘उणे १ आहे काय’ असे विचारले, तर २५५ हा सामान्य बाइटही उणे १ दिसतो व वाचन थांबते. जेपेग छायाचित्राचा पहिलाच बाइट २५५ असतो. म्हणून अशा आज्ञावलीतून गेलेले छायाचित्र शून्य बाइटांचे होऊन बाहेर पडते. इंग्रजी मजकुराची फाइल मात्र तीच आज्ञावली निर्दोष वाचते, कारण रोमन अक्षरे १२७ च्या आतच असतात. ज्या सामग्रीवर आज्ञावलीची परीक्षा होते, त्या सामग्रीत दोष दिसत नाही; म्हणून तो दीर्घकाळ टिकतो.

ओळीओळीने वाचण्याची सवयही अशीच घातक आहे. ओळीचा शेवट कोणी १० ने लिहितो, कोणी १३ व १० ह्या जोडीने. आणि मजकूर म्हणून वाचणारे साधन एकाचे दुसरे करून टाकते. चित्राच्या फाइलीत ह्या संख्या ओळ दाखवीत नाहीत, त्या रंग दाखवितात. पीएनजी ह्या चित्रप्रकाराच्या कर्त्यांनी, ज्यांची रचना ऑक्टोबर १९९६ मध्ये मान्य झाली, ह्या संकटाचा विचार आरंभीच केला होता. त्यांच्या प्रत्येक फाइलीच्या अग्रभागी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० असे आठ बाइट असतात. पैकी १३७ ही संख्या बाइटचा आठवा अंश छाटणारा मार्ग उघड करते. १३ व १० ही जोडी आणि शेवटचा एकटा १० हे ओळींची ‘सुधारणा’ करणारा मार्ग उघड करतात. आपल्याला वाटेत कोणी हात लावला काय, हे फाइलने पहिल्याच वाक्यात सांगावे, अशी ही योजना आहे.

ह्याच आठ बाइटांचा आणखी एक उपयोग आहे. प्रेषक फाइलबरोबर तिचा प्रकार सांगतो, परंतु ते केवळ त्याचे म्हणणे असते. ब्राउझर बहुधा नावाच्या शेपटावरून तो प्रकार ठरवितो. पीडीएफचा आरंभ ३७, ८०, ६८, ७०, ४५ ह्या बाइटांनी होतो. झिपचा ८०, ७५, ३, ४ ह्यांनी. लांबीविषयीही असेच म्हणावे लागेल : जाहीर केलेल्या लांबीवर विसंबून न राहता येणारे बाइट मोजीत जावे, व मर्यादा ओलांडताच थांबावे. ग्राहकाने प्रेषकाची साक्ष नोंदवून घ्यावी, आणि निर्णय मात्र बाइटांवरून करावा. पाठचिकित्सकानेही पोथीच्या पुष्पिकेतील शकाची नोंद अशीच घ्यावयाची असते. अर्थात आरंभीचे बाइटही कोणी मुद्दाम लिहू शकतो, म्हणून ही परीक्षा आवश्यक असली तरी पुरेशी नव्हे.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. एकेक बाइट वाचणे ही तर्काची रीत झाली. प्रत्यक्षात प्रत्येक बाइटसाठी संगणकाच्या कार्यप्रणालीकडे स्वतंत्र मागणी करणे फार महाग पडते. म्हणून बाइट तुकड्यांनी आणले जातात. जावातील प्रचलित वाचनपात्र ८१९२ बाइटांचे असते. नोड-जेएस ह्या मंचावर फाइल ६५,५३६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचली जाते. हे सर्व आकडे २ चे घात आहेत. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, मात्रा व हलन्तचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. आणि २ चा कोणताही घात ३ ने निःशेष भागला जात नाही. ६५,५३६ बाइटांच्या तुकड्यात २१,८४५ पूर्ण वर्ण मावतात व पुढच्या वर्णाचा पहिला बाइट तेवढा शिल्लक राहतो. मजकुरात अवकाश व विरामचिन्हे एकेका बाइटची असल्याने हे स्थान पुढेमागे सरकते. तरी एका मराठी शब्दात सरासरी सहा वर्ण व एक अवकाश धरला, तर दर एकोणीस बाइटांमागे बारा सांधे वर्णाच्या पोटातून जातात. म्हणजे दहांपैकी सहा वेळा तुकडा वर्ण फोडूनच संपतो.

वर्ण फुटल्याने अद्याप काही बिघडलेले नसते. दोन्ही अर्धे सुरक्षित असतात. बिघाड होतो तो प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे अक्षरांत रूपांतरित करून मग ती अक्षरे जोडली जातात तेव्हा. पहिल्या तुकड्याच्या अखेरीस २२४ एकटा उरतो, दुसऱ्याच्या आरंभी १६४ व १७४ येतात. तिघांपैकी एकालाही स्वतःचा अर्थ नाही. रूपांतरक त्यांच्या जागी काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्ह बसवितो, जे स्वतः २३९, १९१, १८९ असे तीन बाइटांचे आहे. ‘म’ गेला व त्याच्या जागी दोन किंवा तीन प्रश्नचिन्हे आली. तीन बाइटांचे सहा किंवा नऊ झाले. फाइल वाढली आणि अक्षर नाहीसे झाले.

ह्या हानीचे प्रमाण पाहिले म्हणजे ती इतकी वर्षे का टिकली हे कळते. एक मेगाबाइटचा मराठी मजकूर ६५,५३६ च्या सोळा तुकड्यांत वाचला तर पंधरा सांधे पडतात, आणि वरील हिशेबाने त्यांतील सुमारे नऊ ठिकाणी एकेक वर्ण मरतो. साडेतीन लाख वर्णांच्या ग्रंथात नऊ! मुद्रितशोधकाच्याही नजरेतून ती सुटतील. शिवाय जाळ्यावरून येणारे तुकडे ठराविक मापाचे नसतात. म्हणून तीच फाइल दुसऱ्यांदा पाठविली असता निराळीच नऊ अक्षरे बळी पडतात. दोन प्रती समोर ठेवणाऱ्या अभ्यासकाला त्या दोन निरनिराळ्या लेखनिकांनी उतरविल्या आहेत असे वाटावे. इंग्रजी मजकुरात मात्र प्रत्येक बाइट हेच एक अक्षर असल्यामुळे तुकडा कोठेही तोडला तरी अक्षर तुटत नाही. अशा मजकुरावर कितीही परीक्षा घेतल्या तरी हा दोष प्रकट होणे शक्य नाही.

येथे संकेतावलीला दोष देण्याचा मोह होतो. भारतीय मानक संस्थेच्या १९९१ च्या इस्की संकेतावलीत देवनागरी वर्णाला सामान्यतः एकच बाइट पुरे. ‘मराठी’ हा शब्द तीत पाच बाइटांचा होतो, यूटीएफ-८ मध्ये तो पंधरांचा आहे. परंतु इस्कीमध्ये तोच बाइट लिपीनुसार निराळ्या भारतीय भाषेचे अक्षर होतो, व कोणती लिपी हे वेगळे सांगावे लागते. उलट यूटीएफ-८ ची रचना, जी १९९२ मध्ये केन थॉम्पसन व रॉब पाइक ह्यांनी केली, नेमक्या ह्याच संकटाचे भान ठेवून झालेली आहे. तीत वर्णाचा आरंभ करणारे बाइट व त्याला पूर्ण करणारे बाइट ह्यांच्या संख्या वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. पूर्ण करणारे सदैव १२८ ते १९१ मधील. तीन बाइटांच्या वर्णाचा आरंभ सदैव २२४ ते २३९ मधील. म्हणून मजकुराच्या मध्यावर उतरलेल्या वाचकालाही दोन पावले मागे सरकून वर्णाची सीमा सापडते. तुकड्याच्या अखेरीस अपूर्ण वर्ण राहिला आहे हे ओळखून ते एक-दोन बाइट पुढच्या तुकड्यापर्यंत राखून ठेवणारी साधने नोड-जेएस व ब्राउझर ह्या दोहोंतही सिद्ध आहेत. सामग्री निर्दोष आहे. चूक घडते ती बाइट व अक्षर ह्यांतील भेद विसरण्यात.

५

मजकुराच्या बाबतीत विनिर्देशाला दोष देता येत नाही. वाहकाने मजकुराचा अर्थ लावू नये, हे त्याचे व्रत आहे आणि ते योग्यच आहे. फाइलच्या नावाची गोष्ट मात्र निराळी. नाव मजकुरात नसते. ते खंडाच्या शीर्षकात, विनिर्देशाच्या स्वतःच्या वाक्यात येते. तेथे कोणती अक्षरे कशी लिहावीत हे सांगण्याचे उत्तरदायित्व विनिर्देशाचेच होय. ह्या स्थळी तिन्ही लेखांची तुलना उद्बोधक ठरते.

१९९५ च्या लेखाचे म्हणणे असे की, फाइलचे नाव मूळ अमेरिकन वर्णसंचात नसेल तर त्याच्याशी मिळतेजुळते नाव द्यावे, किंवा टपालाच्या १९९३ मधील एका पद्धतीने ते सांकेतिक करावे. १९९८ चा लेख मिळत्याजुळत्या नावाची मुभा कायम ठेवतो. सांकेतिक करण्याची पद्धत मात्र बदलून १९९७ मधील दुसरीच सुचवितो. २०१५ चा लेख त्या कुळातील तारांकित नावाच्या पद्धतीला स्पष्ट मनाई करतो, आणि तिच्याऐवजी टक्केचिन्हांची पद्धत वापरण्यास हरकत नाही असे म्हणतो. त्याच वेळी पुष्कळ प्रणाली यूटीएफ-८ चे बाइट सरळ लिहितात, हेही नमूद करतो. ह्या तिसऱ्या सूचनेत एक संदिग्धता उरते. टक्केचिन्ह असलेले नाव आले, तर ते सांकेतिक केलेले मराठी नाव आहे की फाइलचे नावच तसे आहे, हे ग्राहकाने कशावरून ठरवावे? ब्राउझरांनी अखेर आपला मार्ग काढला : ते यूटीएफ-८ चे बाइट जसेच्या तसे पाठवितात, आणि केवळ अवतरणचिन्ह व ओळ बदलणारे दोन बाइट टक्केचिन्हांनी लिहितात. रूढीने नियम घडविला, आणि विनिर्देशाने तिची नोंद घेतली.

‘मिळतेजुळते नाव’ ही कल्पनाच चिकित्सेस पात्र आहे. नाव हे वर्णन नव्हे की जवळपास जाणारा पर्याय चालावा. ‘शेतकऱ्याचा अर्ज’ ह्या नावाला रोमन लिपीत मिळतेजुळते रूप कोणते, ह्याची उत्तरे लिहिणाऱ्यागणिक बदलतील. लेखातील उदाहरणे पाहिली तर ह्या कल्पनेचा उगम उमगतो. १९९५ च्या उदाहरणातील व्यक्ती आहे जो ब्लो, म्हणजे अमेरिकन बोलीतील अमुकतमुक. पुढच्या लेखांतही एक जो आहे, आणि तो कोणाचे तरी शंभर युरो देणे लागतो. १९९८ मध्ये ते युरोचिन्ह विंडोज कुळातील एका संकेतावलीने एका बाइटमध्ये लिहिले होते; २०१५ मध्ये ते यूटीएफ-८ चे तीन बाइट झाले, म्हणजे आपल्या ‘म’ एवढेच. वीस वर्षांत विनिर्देशाचे क्षितिज नक्कीच विस्तारले. परंतु ते विस्तारले चलनाच्या चिन्हापर्यंत, माणसाच्या नावापर्यंत नव्हे.

ह्या मौनाचे फलित दोन प्रकारचे आहे. पहिला प्रकार सर्वांच्या परिचयाचा. जावाच्या सर्व्हलेट विनिर्देशात, संकेतावली सांगितलेली नसेल तर विनंतीतील मजकूर पश्चिम युरोपीय आयएसओ ८८५९-१ मधील धरावा, असा संकेत होता. त्या संकेतावलीत २२४ म्हणजे डोक्यावर उलटा आघात असलेले रोमन ‘ए’, व १६४ म्हणजे एक सर्वसाधारण चलनचिन्ह. बिघडलेल्या मराठी नावांत हीच जोडी पुन्हापुन्हा का दिसते, त्याचे कारण हे. हा बिघाड कुरूप असला तरी प्राणघातक नाही. त्या संकेतावलीत प्रत्येक बाइटला एक निश्चित चिन्ह असल्यामुळे उलट्या वाटेने जाऊन मूळ बाइट परत मिळविता येतात. काळ्या चौकटीतील प्रश्नचिन्हापासून मात्र परतीची वाट नाही. जो बिघाड अधिक भयंकर दिसतो तो भरून येण्याजोगा असतो, आणि जो नीटनेटका दिसतो तो कायमचा. हा भेद फाइली जतन करणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाने ध्यानी ठेवावा असा आहे.

दुसरा प्रकार सूक्ष्म आहे, आणि तो खास मराठीचा म्हणता येईल. ‘शेतकऱ्याचा’, ‘दुसऱ्या’ ह्या शब्दांतील ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो : २२४, १६४, १७७ असा एकाच वर्णाने, किंवा ‘र’ व त्यानंतर नुक्ता अशा दोन वर्णांनी, म्हणजे सहा बाइटांनी. युनिकोडच्या नियमाप्रमाणे ही दोन्ही रूपे समान होत. ॲपलच्या १९९८ पासूनच्या एचएफएस प्लस ह्या फाइलव्यवस्थेत नावे विलग केलेल्या रूपातच साठविली जात. त्यामुळे एका संगणकावरून आलेले ‘शेतकऱ्याचा अर्ज’ व दुसऱ्यावरून आलेले ‘शेतकऱ्याचा अर्ज’ डोळ्यांना एक असूनही बाइटांनी तीन बाइटांचे अंतर ठेवून असू शकतात. बाइट ताडून पाहणारा सर्व्हर त्यांना दोन फाइली समजतो, किंवा असलेली फाइल सापडत नाही असे सांगतो. येथे एकेका बाइटचे वाचन अचूक आहे, आणि त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो. नावाची एवढी चिंता कशासाठी? ग्राहकाने प्रेषकाचे नाव टाकून द्यावे, फाइलला स्वतःचा क्रमांक द्यावा, म्हणजे प्रश्नच मिटला. सुरक्षिततेच्या दृष्टीने हा सल्ला उत्तम आहे. प्रेषकाने दिलेले नाव सर्व्हरवरील मार्ग म्हणून आंधळेपणाने वापरू नये, असे विनिर्देशही बजावतो. ह्या विषयात त्याच्याशी मतभेद नाही. परंतु साठवणीसाठी क्रमांक वापरणे वेगळे, आणि नाव नष्ट करणे वेगळे. अर्जदाराला पोचपावतीवर आपल्या कागदाचे नाव ओळखू आले पाहिजे; प्रबंधाच्या फाइलीचे नाव पन्नास वर्षांनी अभ्यासकाला काही सांगत असेल. हस्तलिखितालाही ग्रंथालय दाखलक्रमांक देते. त्यासाठी ग्रंथनाम खरडून काढीत नाही.

पाठचिकित्सेत लेखनिकाचे प्रमाद दोन वर्गांत विभागले जातात : नजरचुकीने झालेले, आणि समजुतीने केलेले. पहिल्यांचा माग सहज लागतो. दुसऱ्यांचा लागत नाही, कारण लेखनिकाने चूक झाकूनच पाठ सिद्ध केलेला असतो. फाइल स्वीकारणारी आज्ञावली ही आजची लेखनिक आहे, आणि तिचे प्रमादही ह्याच दोन वर्गांत पडतात. आघातयुक्त रोमन अक्षरांचा गोंधळ ही नजरचूक. ओळींचे शेवट ‘नीट’ करणे, अपूर्ण वर्णाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवणे, नावाला मिळतेजुळते रूप देणे, ही समजुतीने केलेली सुधारणा. ह्या दुसऱ्या वर्गाला आरएफसी १८६७ ने मजकुराच्या बाबतीत दृढपणे मज्जाव केला, आणि नावाच्या बाबतीत स्वतःच मुभा दिली. त्याचे यश व अपयश ह्या एकाच वाक्यात सांगता येते.

ह्यातून व्यवहाराला उपयुक्त असे जे निष्पन्न होते ते फार नाही, परंतु निश्चित आहे. येणारी फाइल बाइट म्हणूनच स्वीकारावी व बाइट म्हणूनच साठवावी. अक्षरांत रूपांतर करावयाचे झाल्यास ते एकाच जागी, संकेतावलीचे नाव स्पष्टपणे घेऊन, आणि सांध्यावरचे अपूर्ण वर्ण राखून करावे. जावाने २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हीच गृहीत संकेतावली ठरविली आहे. तरी जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या आज्ञावलीत ती उच्चारूनच सांगावी लागेल. नावांची तुलना करण्यापूर्वी त्यांना युनिकोडच्या एकाच रूपात आणावे, परंतु मूळ नाव जसे आले तसे वेगळे जपावे. आणि परीक्षेची सामग्री बदलावी : ६५,५३६ बाइटांहून मोठा अखंड देवनागरी मजकूर, ‘ऱ’ असलेले दोन्ही रूपांतील नाव, आणि २५५ ने आरंभ होणारे एक छायाचित्र. ह्या तीन वस्तू निर्विघ्न पार झाल्या, तर वर दाखविलेल्यांपैकी बहुतेक दोष त्या आज्ञावलीत नाहीत असे म्हणता येईल. जो ब्लोच्या फाइलीवर घेतलेल्या परीक्षेने तसे म्हणता येत नाही.